ताटलीला काही टेकत नाही ना?

उपकरण : टेबलावरचा विजेचा वजनकाटा. क्षमता पंधरा किलो. टप्पा पाच ग्रॅम.

तपासणी-पत्रकातला हा पहिला रकाना तिने एका हाताने भरला. दुसऱ्या हातावर पाच दिवसांची मुलगी झोपली होती. घरात आणलेल्या काट्यासाठी पत्रक भरायची गरज नसते, हे तिलाही कळत होतं. पण अकरा वर्षांची सवय. पत्रक भरल्याशिवाय काट्यावर विश्वास ठेवायचा, म्हणजे आंधळ्याने रस्ता विचारायचा आणि बहिऱ्याने सांगायचा.

तिला सगळे काटेवाली म्हणत. दुकानादुकानांतले वजनकाटे तपासायचे, बिघडले असतील तर दुरुस्त करायचे, हा तिचा धंदा. दुकानात शिरल्या शिरल्या तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "ताटलीला काही टेकत नाही ना?" कारण दहातल्या नऊ वेळा खोट काट्यात नसतेच. मागून पोतं टेकलेलं असतं, बाजूने बरणी खेटलेली असते. एका दुकानात मांजर काट्याच्या मागे झोपायची आणि तिची शेपटी ताटलीवर यायची. "दोन वर्षं तुम्ही गिऱ्हाइकांना शेपूट विकलंत," ती दुकानदाराला म्हणाली होती, आणि ही गोष्ट बाजारभर झाली होती.

तर अशी ही बाई. आणि तिची मुलगी. मुलीचं नाव अजून ठेवायचं होतं. पण उस्तादांनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली ती हे काम शिकली त्यांनी, फोनवर फोटो बघून म्हटलं होतं, "ही तर छटाकभर!" तेव्हापासून ती छटाक.

तपासणीचं कारण :

हा रकाना लहान आहे. कारण मोठं होतं.

त्याच दिवशी, मंगळवारी सकाळी, दवाखान्यात छटाकचं वजन झालं. जन्माच्या वेळी दोन किलो नऊशे. आता दोन किलो सहाशे पस्तीस. डॉक्टरीणबाई शांतपणे बोलल्या. चिडका डॉक्टर परवडतो, शांत डॉक्टरांनी माणसाच्या तोंडचं पाणी पळतं.

"पहिल्या दिवसांत थोडं उतरतंच. हे जरा जास्त उतरलंय. शुक्रवारी परत आणा. तोवर वाढायला लागलं नाही, तर बाळाला इथे ठेवून घेऊ."

ठेवून घेऊ. जसं काही छत्री आहे.

दवाखान्यातल्या सिस्टर मात्र तिच्याजवळ खुर्ची ओढून अर्धा तास बसल्या. छटाक छातीशी धरली की काटेवालीच्या पायाची बोटं वळायची, इतकं दुखायचं. दोन्हीकडे चिरा पडल्या होत्या. सिस्टरनी वाकून पाहिलं.

"धरते गं, पण टोकाला धरते. तिला घास घ्यायचाय आणि ती चिमूट घेतेय. थांब. नाक इथे आण. तोंड मोठं उघडू दे. अजून. घाई नको. जांभईएवढं उघडलं की आण जवळ. तू तिच्याकडे नको जाऊस, तिला तुझ्याकडे आण. हनुवटी आधी लागली पाहिजे."

एकदा जमलं. चार वेळा नाही जमलं.

"पाजून झालं की हाताने काढायचं वाटीत आणि चमच्याने द्यायचं. आणि रोज लंगोट किती ओले होतात ते बघ. दिवसाला सहाच्या वर गेले, चांगले जड असले, की समज, पोटात जातंय."

काटेवालीने मान हलवली. मनात म्हणाली, ओला लंगोट हे काही माप आहे का? त्याला शून्य कुठे आहे? टप्पा किती?

दवाखान्यातून बाहेर पडल्या पडल्या तिने नवऱ्याला आपल्या दुरुस्तीच्या कारखान्यातून काटा आणायला लावला.

जागा सपाट आहे का : होय.

(हा शब्द पुढे खोडलेला आहे. का, ते येईलच.)

काटा तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि शास्त्रशुद्ध तपासला. पायाशी असलेल्या नळीतला बुडबुडा गोलाच्या मधोमध. शून्य पक्कं. मग मखमलीच्या पेटीतून एक किलोचं पितळी वजन रुमालाने उचललं. प्रमाण वजनाला उघडा हात लावायचा नसतो, घामाने ते बदलतं. मध्ये ठेवलं. मग चारही कोपऱ्यांवर. दर वेळी एक हजार, एक हजार, एक हजार. नवरा दारात उभा राहून बघत होता. तो घरं रंगवायचा. बाळाला हात लावण्याआधी तीनदा हात धुवायचा आणि तरी नखांत पिवळा रंग उरायचा.

"झाला पास?"

"झाला."

"मग आता कुठे ठेवू?"

टेबल खिडकीशी होतं, तिथे वारा लागायचा. आणि तिच्या पोटावरचे टाके ताजे होते, उठून स्वयंपाकघरापर्यंत जायचं म्हणजे भिंतीचा आधार घेत जायचं. दिवसातून दहा वेळा, पाजण्याआधी आणि नंतर, कोण एवढं चालणार?

"इथेच ठेव. माझ्या शेजारी."

त्याने काटा पलंगावर ठेवला. तिने ताटलीवर मऊ दुपट्याची घडी पसरली, बटण दाबून शून्य केलं आणि छटाकला वर झोपवलं. दिव्याखाली अंधार कसा असतो ते दिव्याला कधी दिसत नाही.

नोंदी :

मंगळवार, दुपारी एक. आधी २६०५. नंतर २६१०.

मंगळवार, दुपारी चार. आधी २६१०. नंतर २६१०.

मंगळवार, संध्याकाळी सात. आधी २६२०. नंतर २६१५. (परत केलं. २६०५.)

बुधवार, सकाळी सात. आधी २६१०. नंतर २६००.

उणे दहा.

पंचवीस मिनिटं पाजलं होतं. दात-ओठ खाऊन, आकडे मोजत, घड्याळाकडे बघत पाजलं होतं. आणि उणे दहा.

"पिऊन वजन कमी झालं," ती म्हणाली.

"म्हणजे तीच तुला पाजतेय," नवरा म्हणाला. त्याला हसवायचं होतं. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने चौथ्यांदा हात धुवायला पळ काढला.

दवाखान्यात दोन किलो सहाशे पस्तीस, आणि दोन तासांत घरी सहाशे पाच. हे तीस ग्रॅम गेले कुठे, असा प्रश्न तिला पडला होता. पण उत्तरही तिनेच दिलं : मुलगी उतरतेय. कुणाचा काटा चुकीचा, हा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही. आपला काटा तिने स्वतः तपासला होता.

इतर निरीक्षणं (यासाठी पत्रकात रकाना नाही) :

सासूबाईंनी गॅलरीत दोरी बांधली होती.

सासूबाई एकतीस वर्षं लॉन्ड्रीत होत्या. कपडे घेणं, मोजणं, खुणा करणं, परत देणं. एकतीस वर्षांत एक मोजा हरवला, तोही गिऱ्हाइकाच्याच बुटात सापडला. कपड्याकडे बघून सांगायच्या, माणूस कुठे बसला होता, काय सांडलं आणि घरी कुणाशी वाजलंय. आता छटाकचे लंगोट त्या धुवायच्या आणि दोरीवर ओळीने लावायच्या. दिवस संपला की त्या दिवसाच्या शेवटच्या लंगोटाला लाल चिमटा.

"काल तीन होते," बुधवारी संध्याकाळी त्या म्हणाल्या. "आज पाच. आणि शेवटचा चांगला भिजला होता. पिळताना कळतं."

"आई, लंगोटाला आकडा नसतो."

"पाच हा आकडाच असतो गं."

"तसं नाही. किती ग्रॅम प्यायली ते नाही ना कळत त्यातून."

"तुझ्या त्या पेटीतून कळतंय?"

काटेवाली वाटीत हाताने दूध काढत होती. बराच वेळ दाबल्यावर वाटीच्या तळाला एक चमचाभर जमलं. काल ते पिवळं, चिकट होतं. आज पांढरट होतं. तिने ते पाहिलं नाही. तिने फक्त किती आहे ते पाहिलं. एक चमचा. छाती दगडासारखी कडक झाली होती आणि काखेपर्यंत ठणकत होती.

"नसेलच माझ्या अंगात," ती म्हणाली. "काही बायकांना नसतं. शुक्रवारी ते तिला ठेवून घेतील आणि मला म्हणतील, जा घरी."

सासूबाई आत गेल्या. परत आल्या त्या गरम पाण्यात पिळलेला टॉवेल घेऊन. गालाला लावून पाहिला, अर्धा मिनिट झटकला, परत गालाला लावला. मग सुनेच्या छातीवर ठेवला. एवढ्या बेतशीर गरम गोष्टीने गेल्या आठवडाभरात तिला स्पर्श केला नव्हता. तिने डोळे मिटले.

"हा तुझा नवरा," सासूबाई बोलू लागल्या, "आता दारातून जाताना वाकतो, तो सगळा डब्याच्या दुधावर वाढलाय. चौथ्या दिवशी डबा आला घरात. सगळ्यांनी सांगितलं, तुला नाही येत दूध. मी म्हटलं, बरं. मला काय ठाऊक? कुणी टॉवेल गरम करून दिला असता तर कदाचित आलं असतं. कदाचित नसतंही. डब्याने काही वाईट केलं नाही, बघतेसच तू, दाराच्या चौकटी बदलाव्या लागतील. पण मी त्या खोलीत एकटी होते गं. ते मात्र अजून लागतं."

टॉवेल गार झाला तसा त्यांनी दुसरा आणला. मग तिसरा.

"डबा लागला तर आणू," त्या म्हणाल्या. "तो नरकाचा दरवाजा नाही. पण आधी हे करू. धर, हात इथे ठेव. वरून खाली. इस्त्री फिरवतात तसं नाही, इस्त्री आधी तापली का ते बघतात तसं. हलकं."

वाटीत दोन चमचे. मग अडीच.

बुधवारच्या शेवटच्या लंगोटाला लाल चिमटा लागला. काटेवालीने वहीत लिहिलं : आधी २६१५, नंतर २६१५. आणि वही उशीखाली सारली.

त्रुटी :

गुरुवारी दुपारी उस्ताद आले. वय अडुसष्ट, हातात संत्र्यांची पिशवी.

"बरोबर एक किलो आहेत," आत येता येता म्हणाले. "दुकानदार दीड फळ जास्त घालत होता, मी काढायला लावलं. म्हटलं, घरी माझी शिष्या आहे, पकडेल."

खोलीच्या दारातच ते थबकले. बाळंतिणीच्या खोलीत कुठे बघावं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी पलंगावर ठेवलेल्या एकमेव ओळखीच्या वस्तूकडे पाहिलं. काट्याकडे.

बराच वेळ पाहिलं.

काटेवाली त्यांना वही दाखवत होती. "बघा ना उस्ताद. तीन दिवस. एकदा उणे दहा, एकदा शून्य. मी काय मोजतेय तेच मला समजत नाही. उद्या... उद्या शुक्रवार."

उस्तादांनी वही हातात घेतली नाही. खाकरले. आणि बाजारभर जो प्रश्न ती विचारत फिरायची, तो मुळात ज्यांचा होता त्यांनीच हळूच विचारला :

"पोरी, ताटलीला काही टेकत नाही ना?"

ती वळली.

काटा गादीत रुतला होता. भार आला की तो खाली जायचा आणि गादीचा फुगवटा चारही बाजूंनी वर येऊन ताटलीच्या कडेला खालून लागायचा. दुपट्याची दोन टोकं पलंगावर निवांत पसरली होती. बुडबुडा गोलातून बाहेर पडून नळीच्या टोकाशी जाऊन बसला होता, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा. आणि ती स्वतः शेजारी बसायची, उठायची, कूस बदलायची, तशी गादी आणि आकडा दोन्ही बदलत होते.

तिने पेटी उघडली. रुमालाने एक किलो उचललं. ठेवलं.

नऊशे सत्तर.

ती जरा सरकली. नऊशे पंचावन्न.

उठून उभी राहिली. नऊशे ऐंशी.

"टेबलावर तपासला," ती म्हणाली, "आणि वापरला गादीवर."

"हं."

"मी, उस्ताद! मी!"

आणि ती हसायला लागली. टाक्यांवर हात दाबून हसायला लागली. मग हसू कधी रडण्यात गेलं ते तिलाही कळलं नाही. रडताना छातीत काहीतरी झिणझिणलं, मुंग्या आल्यासारखं, आणि गाऊनवर समोर दोन ओले गोल उमटले. ते वाढत गेले. उस्तादांना एकाएकी भिंतीवरच्या घड्याळात फार रस वाटू लागला.

"आई!" काटेवाली ओरडली. "आई, हे बघा!"

सासूबाई हातातला ओला लंगोट तसाच घेऊन धावत आल्या. बघितलं. "अगं मग बघत काय बसलीस? घे की तिला!" आणि उस्तादांना, "तुम्ही चला, चहा टाकते. घड्याळ पळून जात नाही."

खोलीत दोघीच उरल्या. तिने छटाकला उचललं. तिचं नाक जवळ आणलं. थांबली. छटाकने तोंड उघडलं, मिटलं, रागाने उघडलं, आणि एकदा जांभईएवढं उघडलं. ये. हनुवटी आधी. क्षणभर दुखलं, मग ओढ जाणवली, खोल, पाठीपर्यंत. भरभर ओढ, मग सावकाश. आणि मग आवाज आला. अगदी बारीक. कुक्. थांबून परत, कुक्.

गेले तीन दिवस ती बघत होती : घड्याळ, आकडे, वाटी. कान दिला नव्हता. गिळण्याचा आवाज कदाचित कालही होता. परवाही असेल, चमच्याएवढा. कोण जाणे.

उस्ताद निघताना काटा काखोटीला मारून उभे होते.

"हा मी नेतो."

"राहू द्या ना. टेबलावर ठेवते. नीट ठेवते. एकदाच, फक्त आज एकदा..."

"काट्याला काही झालेलं नाही. तपासणारी थकलीय." दारातून मागे वळून म्हणाले, "आणि तुला शिकवलं होतं मी. सारखं उचलून ठेवलं तर पितळेचं वजनसुद्धा झिजतं. ही तर छटाक आहे."

गुरुवारचा लाल चिमटा सातव्या लंगोटावर लागला.

अंतिम वजन :

शुक्रवारी सकाळी दवाखान्यात चौघंजण गेले. नवरा, सासूबाई, काटेवाली आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप ती, गाढ झोपलेली. सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. सात लंगोट हे एकीकडे. पण डॉक्टरीणबाई लंगोट मोजत नव्हत्या, आकडा बघणार होत्या. गादीवरच्या चुकीने कालपर्यंतचे आकडे खोटे ठरवले होते, खरे आकडे कुणालाच माहीत नव्हते. ते वरही असू शकत होते आणि खालीही.

सिस्टरनी छटाकला उघडं करून काट्यावर ठेवलं. ती दचकली, हातपाय झाडू लागली. सिस्टरनी तिच्या पोटावर पंजा ठेवला, "हो हो हो, राणी माझी, झालंच." आकडे पळाले, थांबले.

दोन किलो सातशे चाळीस.

"एकशे पाच ग्रॅम!" नवरा एवढ्याने ओरडला की बाहेरच्या बाकावरचं दुसरं बाळ रडायला लागलं. सासूबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. डॉक्टरीणबाईंचं पेन कागदावर टेकलं.

काटेवाली आकड्याकडे बघत नव्हती. ती ताटलीकडे बघत होती.

गप्प बसता आलं असतं. कुणाचं काय बिघडणार होतं? कागदावर दोन सातशे चाळीस आलं असतं, मुलगी घरी आली असती.

"सिस्टर," ती म्हणाली. "तुमचा हात टेकलाय."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं.

"अगं, तुला गप्प बसवत नाही का!" सासूबाई कुजबुजल्या, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या.

"काढा हात. काही होत नाही. मी आहे ना इकडून." तिने आपले दोन्ही हात काट्याच्या दोन्ही बाजूंना धरले, कशालाही न लागता, ओंजळीसारखे. अकरा वर्षं पितळी वजनांभोवती धरले तसे. छटाकने त्या हातांच्या वासाकडे तोंड वळवलं आणि गप्प झाली.

आकडे खाली आले. सातशे वीस. सातशे. नवऱ्याने भिंत धरली. सहाशे नव्वद.

थांबले.

दोन किलो सहाशे नव्वद.

डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला. "मंगळवारी सहाशे पस्तीस. म्हणजे पंचावन्न वाढलंय." त्या पहिल्यांदाच हसल्या. "सावकाश आहे, पण वर आहे. वाटी-चमचा अजून चालू ठेवा, दिवसातून दोन-तीनदा. सोमवारी दाखवा. ठेवून घ्यायची गरज नाही."

"पंचावन्न," काटेवाली म्हणाली.

"कमी वाटतात?"

"नाही. खरे आहेत."

शेरा :

बाहेरच्या बाकावर छटाकने भोकाड पसरलं. सासूबाई समोर चादर धरून उभ्या राहिल्या, दोन्ही हात पसरून, दोरीसारख्या ताठ. चादरीमागून आधी "आई गं" ऐकू आलं, मग "थांब, नीट उघड तोंड, हां", मग बराच वेळ काहीच नाही. मग कुक्.

नवरा येरझाऱ्या घालत होता. शेवटी त्याच्याने राहवलं नाही. चादरीजवळ येऊन त्याने हळूच विचारलं, "किती प्यायली गं?"

"आत्ता कसं सांगू?" चादरीमागून काटेवाली म्हणाली. "संध्याकाळी दोरी बघते, मग सांगते."